आळशी, उपाशी, अडकलेला

न फिरणारा पंखा अशी वस्तू जगात नसतेच, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली, आणि ती म्हणजे माझ्या मावशीच्या सासूबाई. पंखा थांबलेला असतो, रुसलेला असतो, एखाद्या वेळी उपाशीसुद्धा असतो. पण तो मेला असं म्हणायचा अधिकार त्या कोणाला देत नाहीत. इथे पंखा म्हणजे छताचा पंखा नव्हे. त्यांच्या स्वतःच्या खोलीतला छताचा पंखा मी पाहिला तेव्हापासून कण्हत कण्हत फिरतो, आणि त्याच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलेलं नाही. "तो मोठा पंखा शे, त्याले वायरमन लागस," असं म्हणून त्या त्याच्याखाली निवांत झोपतात. त्यांचं राज्य आहे ते संगणकाच्या पेटीत बसवलेल्या पंख्यांवर, तळहाताएवढ्या, काळ्या प्लास्टिकच्या, ज्यांच्याकडे तुमचं आमचं लक्ष ते बंद पडून संगणक तापेपर्यंत जातही नाही. धुळ्यात देवपूर भागात असा एखादा पंखा थांबला की लोक कंपनीला फोन करत नाहीत. पेटी रिक्षात घालतात आणि अक्कांकडे आणतात.

अक्का हे नाव त्यांना कोणी दिलं ठाऊक नाही, पण त्यांच्या मुलापासून समोरच्या दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी मूळची जळगावची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे नातेवाइकांना माझ्याकडून फाडफाड बोलण्याची अपेक्षा असते आणि मी कोणत्याच भाषेत फारशी बोलत नाही. दागिन्यांची डिझाइनं संगणकावर करण्याचा अभ्यासक्रम करायला मी मावशीकडे राहायला आले. घराच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, संगणक विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुकानाच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात, एक जुनं शिलाई मशीन आणि त्या मशीनमागे अक्का. पहिल्या दिवशी मी पाया पडले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मावशीला विचारलं, "हिला बोलता येतं ना?" मावशी म्हणाली, "येतं, पण वापरत नाही." अक्कांना ते पटलेलं दिसलं. म्हणाल्या, "बरं आहे. पंखे ऐकायला शांतता लागते." मला कोणी इतक्या सहज स्वीकारल्याचं आठवत नाही.

मावशी सांगते त्याप्रमाणे अक्का आधी ब्लाउज शिवत. देवपुरातल्या निम्म्या बायका त्यांच्या मापाने श्वास घेत, असं मावशी म्हणते. एक दिवस काकांनी एक बंद पंखा भंगारात टाकला. तो अक्कांच्या मशीनच्या पायाशी येऊन पडला. अक्कांनी तो उचलला, मधला गोल स्टिकर नखाने सोलला, आणि शिलाई मशीनला घालतात त्याच तेलाचा एक थेंब आतल्या भोकात सोडला. मग पंख्याच्या पात्याला बोटाने गोल गोल फिरवत बसल्या, जशी कोणी कुकर होईपर्यंत बसते. काकांनी कंटाळून त्याला वायर जोडून दिली, तर तो फिरला. काका म्हणाले, योगायोग आहे. अक्का म्हणाल्या, भंगाराची टोपली इकडे आण. संध्याकाळपर्यंत त्या टोपलीतले बरेच पंखे फिरत होते, आणि एका बाईचा ब्लाउज, जो लग्नासाठी हवा होता, तसाच राहिला होता. त्या बाई अजून अक्कांशी बोलत नाहीत. अक्का म्हणतात, "एक बाई गेली, पण केवढे पंखे आले."

त्यांची पद्धत बघायला मी दुकानात बसू लागले. अभ्यासाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे तिथून उठवत नसे. संगणकाची पेटी समोर आली की त्या आधी चष्मा काढून ठेवतात. मग बाजूचं झाकण उघडून, संगणक चालू करून, करंगळीने पात्याला हलकासा धक्का देतात. बस्, तेवढंच. धक्का दिल्यावर पंखा आपोआप फिरू लागला, तर तो आळशी. म्हणजे आतलं तेल सुकलंय, त्याला सुरुवात करायला कोणी तरी लागतं. धक्क्याएवढाच फिरून थांबला, तर तो उपाशी. म्हणजे त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही, आता वायर शोधायची. आणि थरथर करून जागच्या जागी अडखळला, तर तो अडकलेला. कोणीतरी त्याला धरून ठेवलंय. हे निदान त्या एवढ्या वेळात करतात की गिऱ्हाइकाचं "काय झालं माहीत नाही, कालपर्यंत..." हे वाक्य अर्ध्यातच राहतं. गिऱ्हाइकाला त्या शुद्ध मराठीत सांगतात, जशा मलाही सांगत, पण पंख्याशी मात्र त्या अहिराणीतच बोलतात. "चाल ना भो, फिर. कसाले थांबेल शे?" असं त्या करंगळीने त्याला समजावत, आणि मी पाहिलंय, तो ऐके. काकांना विचारलं तर ते म्हणतात, तेल मुरायला तेवढा वेळ लागतोच. असेल. पण मी समोर बसलेली होते आणि मला तो पंखा लाजलेला दिसला.

अडकलेल्या पंख्यांतून त्या काय काय काढतात ते पाहून कोणाच्याही घराची परीक्षा होईल. क्रोशाच्या सुईने त्यांनी माझ्यासमोर एका शाळेच्या संगणकातून खडूचा तुकडा, एका जिनिंगवाल्यांच्या संगणकातून उशी भरेल एवढा कापूस, आणि एका घरच्या संगणकातून अक्षता काढल्या. दसऱ्याला पूजा करताना वरच्या जाळीतून आत पडलेल्या त्या. अक्षतांचा एकच दाणा पातं आणि चौकट यांच्या मध्ये बसला होता. अक्कांनी तो हळद लागलेला दाणा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "देवाला नमस्कार बाहेरून करायचा." वकिलांच्या कार्यालयातून आलेल्या एका पेटीची गोष्ट तर वेगळीच. ते वकील फार काळजी घेणारे होते. मे महिन्यात संगणक तापू नये म्हणून त्यांनी ती पेटी थेट कूलरसमोर ठेवली होती. कूलरची ओली हवा आणि धुळ्याची धूळ. दोन्ही मिळून आत जे झालं होतं त्याला चिखलच म्हणायला हवं. अक्कांनी आत बोट घालून पाहिलं, बोट बाहेर काढून पाहिलं, आणि वकिलांना विचारलं, "साहेब, यात काही पेरलं होतं का?" वकील म्हणाले, "अक्का, मी त्याच्या भल्यासाठीच केलं." "हो, पण त्याला विचारलं का?" तेव्हापासून गिऱ्हाईक पायरी चढलं की अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कूलर कुठे ठेवता? काही नवखे लोक त्यामुळे चुकून कूलरच्या दुकानात आलो असं समजून परत फिरतात.

मी सगळ्यात थक्क झाले ते मात्र एका क्लासवाल्या सरांच्या वेळी. त्यांचा नवाकोरा, महागाचा संगणक, आणि पंखा फिरत नाही म्हणून ते चिडून आलेले. काकांनी वायरी तपासल्या, पिना तपासल्या, सगळं जागेवर. काका नवा पंखा लावायला निघाले. अक्का शिलाई मशीनमागून उठल्या आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला. नुसता हात ठेवून त्या उभ्या राहिल्या, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. मग म्हणाल्या, "थंड शे. कसाले फिरी तो?" सरांना काही कळेना. अक्कांनी काकांना सांगितलं की याला जड काम दे. काकांनी एक मोठा खेळ सुरू केला, त्यात गाड्या धावू लागल्या, पेटी गरम झाली, आणि पंखा आपला आपण फिरायला लागला. तो बिघडलेला नव्हताच. कंपनीनेच तो तापल्यावर फिरेल असा बसवला होता. सर म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही." अक्का म्हणाल्या, "तुम्ही त्याला हात कुठे लावला? नुसतं बघत होतात." हे त्या विनयाने म्हणाल्या असं मला लिहिता येणार नाही. विनय हा अक्कांच्या खात्यात नाही. सर गेल्यावर ही गोष्ट त्यांनी त्याच दिवशी दूधवाल्याला, मोलकरणीला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना आणि गल्लीतून जाणाऱ्या कुल्फीवाल्याला थांबवून सांगितली, आणि दर वेळी तो संगणक थोडा अधिक महाग होत गेला.

त्यांच्या कामाची खूण म्हणजे दोरा. संगणकाच्या आत वायरींचा गुंता असतो, तो लोक प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात. अक्कांचा त्या पट्ट्यांवर विश्वास नाही. त्या शिलाईच्या दोऱ्याने वायरी बांधतात, प्रत्येक जुडीला दुहेरी पीळ आणि वर त्यांची स्वतःची एक गाठ, जी त्या ब्लाउजच्या हुकाला मारत. रंगही त्या निवडतात: सरकारी कार्यालयाच्या पेटीत पांढरा, घरच्या पेटीत उरलेल्या ब्लाउजचा जो असेल तो. धुळ्यातल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली आणि आत मोतिया रंगाची नीट हेमिंग केल्यासारखी वायरींची रांग दिसली की तो म्हणतो, ही अक्कांकडे जाऊन आलेली आहे. ही गाठ सुटत नाही. अक्का म्हणायच्या, "माझी गाठ सुटलेली कोणी दाखवावी." कोणी दाखवली नाही, कारण ती खरंच सुटत नसे. माझा स्वतःचा संगणक काकांनी जोडला तेव्हा त्यातल्या वायरी अक्कांनी डाळिंबी दोऱ्याने बांधल्या, मी न मागता. पेटी बंद करण्यापूर्वी त्यांनी मला आत बघायला बोलावलं. मला आजही वाटतं की ते बंद करायला नको होतं, काच लावायला हवी होती.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अभ्यासक्रम संपत आला तेव्हा जळगावच्या एका सराफी पेढीने मला चाचणी म्हणून एक काम दिलं. लग्नाच्या एका संचाची, हार, कानातले, बांगड्या, अशी सगळी डिझाइनं करून ती सावकाश फिरताना दिसतील अशी चित्रफीत पाठवायची. आवडली तर नोकरी; घरी बसून, संगणकासमोर, एक अक्षर न बोलता. नाही आवडली, किंवा वेळेत पोचली नाही, तर बाबांनी दुसरी सोय करून ठेवली होती. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये शिकवायची जागा. बाबांना ते अगदी साहजिक वाटत होतं. पोरगी इंग्रजी शाळेतली, तिने इंग्रजी बोलायला शिकवावं. बाबांना माझी काळजी आहे, पण भरलेल्या वर्गापुढे उभं राहून रोज "गुड मॉर्निंग" म्हणणं म्हणजे माझ्यासाठी काय आहे हे त्यांना सांगायलासुद्धा मला बोलावं लागलं असतं. तेव्हा तो हार वेळेत फिरायला हवा होता. एवढंच होतं ते.

चित्रफीत पाठवायच्या दिवशी घरी मी आणि अक्का दोघीच. मावशी आणि काका अमळनेरला लग्नाला गेले होते. अक्का गेल्या नाहीत, कारण गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे मोठाले पापड, वाळत घातलेले होते आणि वावटळीचे दिवस होते. बिबडे शेजारणीवर सोपवून जायचं म्हणजे अर्धे शेजारणीचे होतात, असं त्या म्हणाल्या. मी सकाळी संगणकाला काम लावलं. असलं काम करताना संगणक एकेक चित्र कोरून काढत असतो, त्याला तासन्‌तास लागतात, आणि तो तापतो. संध्याकाळी पेढी बंद होण्यापूर्वी चित्रफीत पोचायला हवी होती. दुपारी ऊन चढलं, आणि हार अर्धा फिरलेला असताना पडदा काळा झाला. पेटी चटके बसण्याइतकी गरम होती. मी झाकण उघडून पाहिलं. पेटीचा दिवा चालू होता, पण पुढचे दोन आणि मागचा एक, तिन्ही पंखे थांबलेले.

मी दुकानात गेले. अक्का मशीनवर उशीची खोळ शिवत होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "किती थांबलेत?" माझ्या चेहऱ्यावरून त्यांना पंखे कसे दिसले कोण जाणे. मी तीन बोटं दाखवली. त्या उठल्या.

माझ्या खोलीत येऊन त्यांनी चष्मा काढला, करंगळीने तिन्ही पंख्यांना एकेक धक्का दिला. तिन्ही तेवढेच फिरले आणि थांबले. "उपाशी," त्या म्हणाल्या. मग बोट तसंच धरून विचार करत राहिल्या. "एका घरातली तीन माणसं एकदम उपाशी राहिली तर ती आजारी नसतात. त्या घरची चूल पेटलेली नसते." मला हे इतकं पटलं की क्षणभर मी सराफांना विसरले. खरंच, तिन्ही पंखे एकदम बिघडणार नाहीत. त्यांना वीज जिथून मिळते तिथेच काहीतरी झालं असणार.

मग त्या चूल शोधू लागल्या. भिंतीतला प्लग काढून पुन्हा घातला. वायरीचा बोर्ड बदलला. संगणक थोडा निवल्यावर पुन्हा सुरू केला, तो सुरू होत होता, पडदाही येत होता, म्हणजे घरात वीज होती. फक्त पंख्यांनाच नव्हती. अक्कांनी मला विचारलं, पेटी हलवली होती का? मी होकारार्थी मान हलवली. निघण्यापूर्वी झाडताना मावशीने थोडी सरकवली होती. पाणी सांडलं का? नाही. कूलर? खिडकीत, लांब. मला माहीत होतं, काका जोडत असताना मी पाहिलं होतं: तिन्ही पंख्यांच्या वायरी पेटीच्या मागच्या बाजूला एका छोट्या डबीत जातात आणि त्या डबीला वेगळी वीज मिळते. चूल म्हणजे ती डबी. हे अक्कांनाही माहीत होतं. पण मागची बाजू म्हणजे त्यांची बाजू. तिथे डाळिंबी दोरा होता.

मी बराच वेळ मनात वाक्य जुळवलं आणि शेवटी म्हटलं, "अक्का, मागचं झाकण उघडून बघू या का?"

"मागे माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "तिथे काही नसतं."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि घड्याळाकडे मी पाहत नव्हते. अक्कांनी स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग चष्मा घातला. अक्कांना चष्मा घालून पंख्याचं काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मागचं झाकण निघालं. डबीत शिरणारी विजेची वायर सुटून तिरकी लोंबत होती. त्यांनी ती पुन्हा आत दाबली. हात काढताच ती हळूच बाहेर आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. वायर तोकडी पडत होती. तोकडी नव्हतीच ती मुळात. दोऱ्याने इतकी ताणून, इतकी घट्ट बांधली होती की तिला डबीपर्यंत पोचायला जीवच उरला नव्हता. ब्लाउजच्या शिवणीसारखी सरळ, एक धागा इकडचा तिकडे ढळणार नाही अशी. तेवढीशी पेटी सरकली आणि ती निसटली.

अक्का बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या कंपनीला, मावशीच्या झाडूला, निदान मला तरी काहीतरी म्हणतील. माझी तयारी होती. पण त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू, पंख्यांशी बोलतात त्या भाषेत, त्या माझ्याशी बोलल्या. "मन्ही गाठ शे, पोर. घट व्हई गई." मग म्हणाल्या, "कात्री आण."

मी कात्री आणली आणि पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "तू काप." मी म्हटलं, तुम्हीच कापा. "मले ती कापता येत नही," त्या म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे केलं. मी कापली. वायर सैल झाली, डबीत बसली, आणि तिन्ही पंखे एकदम, एका दमात फिरायला लागले. अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. आवाजावरूनच त्यांना कळलं. "डावा थोडा आळशी शे," खिडकीकडे बघतच त्या म्हणाल्या, "पण आजना दिवस काढी."

झालेली चित्रं संगणकात जपलेली होती. राहिलेली पुन्हा लावली. वेळ फार थोडा होता आणि आता पंखे पुन्हा थांबले तर सगळंच संपलं असतं. अक्कांनी खुर्ची ओढली, पेटीशेजारी बसल्या, आणि वर तळहात ठेवला. "बस आठे," मला म्हणाल्या, आपल्या शेजारी पाटावर. मी बसले. पेटी जास्त तापू लागली की त्या सांगत: वाढी राहिना. मग मी काम जरा थांबवायचे, पेटी निवायची, त्या मान हलवायच्या, मी पुन्हा सुरू करायचे. पडद्यावर सगळं मोजून दाखवणारे आकडे होते; मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. हार एकेक चित्राने फिरत होता. मध्येच बाहेर वारा सुटला, खिडक्या आपटल्या, आणि गच्चीवरून फडफड ऐकू आली.

"अक्का, बिबडे," मी उठत म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. हात तसाच. "उडतीन तर उडतीन."

ज्यांनी बिबड्यांसाठी लग्नाचं जेवण सोडलं होतं, त्यांनी हे म्हटलं. चित्रफीत पूर्ण झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी ती पाठवली. पोचल्याचं उत्तर आलं. मग आम्ही दोघी गच्चीवर गेलो. बिबड्यांपैकी काही पाण्याच्या टाकीमागे होते, काही शेजारणीच्या गच्चीवर, आणि शेजारीण ते अतिशय काळजीपूर्वक आपल्या टोपलीत गोळा करत होती. "अक्का, उडून आले बघा आपोआप," ती म्हणाली. अक्का तिला म्हणाल्या, "खाय बाई, खाय. आज मन्ही पोर पास व्हयनी." मी अजून पास झाले नव्हते. उत्तर यायला बराच काळ गेला. पण अक्कांनी ते त्या दिवशीच गल्लीला सांगून टाकलं होतं, तेव्हा पेढीपुढे दुसरा मार्ग नव्हता.

नोकरी लागली तसं मला जळगावला परत जावं लागलं. काम घरी बसून करायचं होतं आणि घर तिथे होतं. हे माझ्या आधी लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. मी मागत होते ते मला मिळालं होतं, आणि मिळाल्यावर कळलं की ते देवपूरच्या त्या खोलीतून उठून निघून जाणं होतं. संगणक नेण्यापूर्वी अक्कांनी वायरी पुन्हा बांधल्या. या वेळी प्रत्येक जुडीत दोन बोटं जातील एवढी ढील ठेवली, आणि ती ढील मला दोन बोटं घालून बघायला लावली. रांग पहिल्यासारखी देखणी दिसत नव्हती. त्यांनी पेटी बंद केली.

माझ्या खोलीत आता तिन्ही पंखे फिरतात. एकदाही थांबलेले नाहीत. थांबले असते तर फोन करायला कारण मिळालं असतं. कारणाशिवाय फोन करणं मला जमत नाही, आणि अक्कांना पंख्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलणं जमत नाही. शेवटी एका रविवारी त्यांनीच फोन केला. मी "हॅलो, अक्का," एवढं म्हटलं आणि पुढे काय म्हणावं ते शोधत होते, तर त्या म्हणाल्या, "बोलू नको. पंखाजोडे धर." मी फोन पेटीजवळ धरला. बराच वेळ त्या ऐकत होत्या. मग "बरं शे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून दर रविवारी असंच. मला आजवर कोणाशीही इतकं लांबलचक बोलणं जमलेलं नाही.

मागच्या रविवारी मात्र त्या ऐकता ऐकता थांबल्या. म्हणाल्या, "डावा कमी ऐकू येस." मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "त्याना कमी व्हयना का मन्हा कानना, ते तू दखीसन सांग."

मी वाकून पाहिलं. डावा पंखा उजव्याइतक्याच वेगाने फिरत होता. मी पात्याजवळ हात धरला, वारा तेवढाच. काही कमी नव्हतं. फोनवर अक्का वाट पाहत होत्या.

"दोष पंख्याचाच आहे, अक्का," मी म्हटलं. "आळशी झालाय. मी तेल घालते."

"हां," त्या म्हणाल्या, आणि त्या हां मध्ये एक लांब श्वास होता. "एकच थेंब घाल. जास्ती नको."

फोन ठेवल्यावर मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी आणली. संगणक बंद केला, त्या चांगल्या, निरोगी पंख्याचा स्टिकर नखाने सोलला, आणि एक थेंब आत सोडला. त्याला गरज नव्हती. पण मी सांगितलं होतं की घालते. मग करंगळीने त्याला गोल गोल फिरवत मी बरीच संध्याकाळ तिथे बसून राहिले.